व्रण कुठल्या गालावर

बोकडाची मुंडी भाजताना कानाला धरायचं नाही, शिंगाला धरायचं. कान जळून हातात येतात. शिंगं तापून सैल झाली की ओंडक्यावर आपटून काढायची. मग मुंडीवरचे केस जाळायचे, आणि पापण्या, नाकपुड्या, कानाच्या आतली घडी तापल्या सळईने. सुरीने खरवडायचं, हळद चोळायची आणि टाळूवर सत्तुराचा एकच घाव घालायचा. घाव नीट बसला तर भेजा अख्खा निघतो. नवरा प्लेगात गेल्यापासून मी हे काम करत आले. दुकान थोरल्या दिरांचं. पुढे कापणं त्यांचं, मागच्या परड्यात मुंड्या-पाय भाजणं माझं, वजरी, म्हणजे आतडी-पोट, धुणं जाऊबाईंचं. दरबार शिकारीला डोळे बांधून नेई त्या चित्त्यांना मांस जायचं तेही आमच्याकडूनच.

दुपारी मी राक्षस काढत असे.

ते असं. माझा बाप शिळाप्रेसात दगड घासायला होता. दगड उचलायला ताकद लागते म्हणून खाटकाला घेतलं होतं. बापाच्या डब्याबरोबर मी प्रेसात जायची आणि तिथेच अक्षरं शिकले, ती दगडावरची, म्हणजे उलटी. सुलटी वाचायला मला नंतर शिकावं लागलं. शिळाप्रेसाचं काम सोपं आहे. घासलेल्या सपाट दगडावर चरबीच्या शाईने काढायचं. मग दगड ओला करून वरून शाईचा रूळ फिरवला की जिथे चरबी तिथे शाई धरते, बाकी दगड कोरा राहतो. त्यावर कागद दाबला की चित्र उमटतं, आणि उमटतं ते आरशातल्यासारखं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

बाप मेल्यावर प्रेसवाल्या मास्तरांशी माझं ठरलं. मी त्यांना तपकिरीच्या डब्यांवरचे मोर आणि तेलाच्या बाटल्यांवरच्या बायका काढून द्यायच्या, त्यांनी माझं पुस्तक छापायचं. गोष्ट माझीच होती. आकड्याला टांगलेल्या मुंड्या जाग्या होतात आणि आपापली धडं शोधायला निघतात. धडं एका राक्षसाने गुहेत कोंडलेली. तो डोळे बांधलेल्या चित्त्यावर बसून हिंडतो. मुंड्यांची सेनापती एक म्हातारी शेळी. शेवटी ती त्याचं डोकं उडवते आणि ते त्याच्याच आकड्याला लागतं. लिहून केव्हाच झालं होतं. चित्रं राहिली होती.

चित्रांना अडचण वेळेची नव्हती, चरबीची होती. दगडाला बोट लागलं तरी ती जागा शाई धरते. सकाळभर माझे हात कोपरापर्यंत चरबीत, आणि दुपारी तेच हात दगडाजवळ न्यायचे. राखेने घासायचे, मग लिंबाने, परत राखेने. बोटांची सालं निघायची. आणि ज्या शाईने काढायचं ती मात्र त्याच चरबीची; बोकडाची चरबी, साबण, मेण आणि काजळ कढईत पेटवून मी ती परड्यातच करायची. एवढं करून एका चित्रात आकाशात माझा अंगठा उमटला.

मास्तरांनी विचारलं, "हा चंद्र का?"

"व्हय," मी म्हटलं. तो चंद्रच राहिला.

आता थोरल्या दिरांचं सांगते. तरुणपणी तालमीत होते, मान खांद्यातच रुतलेली. एकदा दुकानातला आकडा निसटला आणि त्यांचा उजवा गाल कानापासून ओठापर्यंत फाडून गेला. त्यांनी एका हाताने गाल मिटून धरला आणि दुसऱ्या हाताने समोरचा बोकड कापून पुरा केला. गिऱ्हाईक मटण न घेता पळालं, त्याचाही राग त्यांनी घरी येऊन जाऊबाईंवर काढला. जाऊबाईंचे पुढचे दोन दात भाकरी करपली म्हणून गेले होते. माझ्यावर ते थेट हात टाकत नसत. थोरला दीर सासऱ्याच्या जागी. त्यांच्यासमोर माझ्या डोईवरचा पदर ढळायचा नाही आणि त्यांनी माझ्याशी बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. म्हणून मी समोर असले तरी ते बायकोला म्हणत, "तिला सांग, मुंडी कच्ची राहिलीया," आणि तीच मुंडी फेकून मला मारत. मुंडीचं हाड जड असतं. माझी एक फासळी अशीच मोडली. फेकून मारलं तर त्याला शिवलं म्हणत नाहीत, एवढी रीत त्यांनी पाळली.

तर राक्षसाला चेहरा हवा होता आणि रोजचा पाहण्यातला तोच होता. पदराआडून का होईना, मी तो रोज बघत होते. मान तीच, भुवया त्याच, व्रणही तोच. फक्त लोकांनी ओळखू नये म्हणून मी व्रण दुसऱ्या गालावर काढायचं ठरवलं. उजव्याचा डावा.

दगडावर काढताना मी सगळं उलटं केलं. राक्षसाची तलवार उजव्या हातात दिसायला हवी म्हणून दगडावर डाव्या हातात दिली. चित्ता उलट्या तोंडाने उभा केला. खाली माझं नाव उलटं लिहिलं. व्रण मात्र ठरवल्याप्रमाणे डाव्या गालावर काढला आणि समाधानाने हात धुतले. हात उलटा केला, गाल उलटा करायचा राहिला. दगडावरचा डावा गाल कागदावर उजवा झाला.

मला ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. मास्तरांनी राक्षसाचं पान पहिलं छापून पुस्तकाची जाहिरात म्हणून बाजारात वाटलं होतं.

हे नवरात्रातलं. नवरात्रात निम्मं गाव मटण सोडतं, म्हणून ते दिवस मी शेवटच्या चित्रासाठी राखून ठेवले होते. राक्षसाचं डोकं आकड्याला लागतं ते चित्र. मास्तरांनी बजावलं होतं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दगड माझ्याकडे आला पाहिजे. पुढे दिवाळीची छपाई. मग मला दगडही नाही आणि माणूसही नाही." हे चित्र नाही तर पुस्तक नाही. चित्र खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुरं झालं. दगड परड्यात, चुलीपासून लांब, फळीवर फडक्याखाली ठेवला होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. दिरांच्या बापाचा जुना सत्तूर धुऊन, हळदकुंकू लावून, मुठीला झेंडूची माळ बांधून पाटावर ठेवत. त्या दिवशी तो उचलायचा नाही. त्याच दिवशी घरोघर बोकडं पडत, म्हणून काम दुसऱ्या सत्तुरांनी चाले. परड्यात मुंड्यांचा ढीग लागला होता. पुढे दुकानासमोर गर्दी होती आणि भिंत कुडाची असल्याने मला सगळं ऐकू येत होतं.

गडमुडशिंगीचा एक शेतकरी म्हणाला, "शेट, जरा हिकडं बगा. ह्यो कोण हाय?"

"कोण?"

"तुमीच की."

कागद हातोहात फिरला असावा. कुणी म्हणालं, "व्रणसुदीक बराबर त्याच गालाव हाय." आणि आणखी कुणी, "शेट, चित्ता कुठं बांधलाय म्हनायचा?" हसणं वाढलं. एकाने खालचं नाव वाचलं, म्हणजे माझंच. त्यावर दुसरा म्हणाला, "घरातलीनंच काडलंय व्हय. मग काय, खरंच आसंल."

नंतर कळलं की दिरांनी त्या कागदात कलेजी बांधून त्याच शेतकऱ्याला दिली. मग ते मागे आले. येताना पाटावरचा सत्तूर उचलून आले.

जाऊबाई वजरी धूत होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अवो, पूजेचा हाय त्यो. उचलू नगा."

त्यांनी जाऊबाईंच्या पोटात लाथ घातली. जाऊबाई पाण्याच्या घंगाळावर पडल्या, घंगाळ उलथलं आणि वजरी चिखलात गेली. मग दिरांनी सत्तूर ओंडक्यावर ठेवला, फळीवरचा दगड दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला आणि उंबऱ्यावर टाकला. दगडाचे तीन तुकडे झाले. माझं चित्र तीन ठिकाणी फाटलं ते मी पाहिलं, पण बघत बसायला वेळ नव्हता. त्यांनी माझा उजवा हात मनगटाला धरला, ओंडक्यावर आपटला आणि सत्तूर उचलला. मुठीची झेंडूची माळ माझ्या तोंडावर आली.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ते माझ्याशी थेट बोलले. "कुठल्या हातानं काडलंस?"

"भावजी, हात सोडा," मी म्हटलं.

"कुठल्या हातानं?"

सळई डाव्या हाताला होती. मुंड्यांचे कान भाजत होते तीच, टोकाला लाल. मी ती त्यांच्या डाव्या गालावर टेकवली आणि दाबून धरली. केस जळल्याचा वास मला रोजचा होता, हा थोडा वेगळा. त्यांनी मनगट सोडलं, पण सत्तूर निघाला होता. माझा हात मागे आला, करंगळीचं वरचं पेर ओंडक्यावरच राहिलं. सळईला कातडी चिकटली होती, म्हणून ती ओढून काढावी लागली, तेव्हा ते गुडघ्यांवर बसले. सुरीखाली आलेल्या बोकडासारखा आवाज केला. मी सळई त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभी राहिले, माणसं आत येईपर्यंत. डोईवरचा पदर पडला होता. एक म्हातारा आत येताच आधी तेच म्हणाला, "बाई, पदर घे." मी म्हटलं, "हात मोकळा न्हाय."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद निवाड्याला बसले. मी घर सोडावं असं बहुतेकांचं आधी मत होतं. दिराला डागणं ही साधी गोष्ट नव्हती. ते माझा हात तोडायला निघाले होते याला कुणी फार महत्त्व दिलं नाही. घरातली भांडणं, असं म्हणाले. मग जाऊबाईंना विचारलं. त्या पोट धरून बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पूजेचा सत्तूर उचलला त्यांनी. म्या नगा म्हनलं व्हतं." नवमीला पूजेचं हत्यार उचलणारा माणूस कुणाला पाठीशी घालता येईना. मी राहिले. दिरांना सत्तूर शांतवायला देवीला बोकड द्यावा लागला. त्याची मुंडी मीच भाजली.

निवाडा होऊन घरी येताना जाऊबाई बोळात थांबल्या आणि पुढच्या दातांची फट दाखवत हसल्या. "येक बरं झालं. दोनी गाल सारकं झालं की."

त्या दिवशीच दुपारी मी प्रेसात गेले. मास्तरांना सगळं कळलं होतं. त्यांनी घासलेला दगड पुढे ठेवला, पण हात त्यावरून काढेनात. "बाई, मी तुमचं पुस्तक छापतो. पण तो व्रण तेवढा काढू नका. किंवा दुसऱ्या गालावर काढा."

"कागदाव की दगडाव?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. आता दुसरा गाल उरलाच नव्हता.

मी तिथेच बसून चित्र परत काढलं. करंगळीला चिंधी होती, ती भिजून दगडावर टिपकली. मास्तर घाबरले. मी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. रक्ताचं दगडाला काही नसतं, ते पाण्याने जातं. व्रण मी एकच काढला; तो कुठल्या गालावर, हे मास्तरांना बघायचंही नव्हतं. पुस्तक दिवाळीआधी निघालं. अंगठ्याचा चंद्र त्यात आहे.

दीर महिनाभर गालावर हळद थापून दुकानात बसले. मग एका सकाळी कुडापलीकडून जाऊबाईंना हाक मारून म्हणाले, "तिला सांग, मुंड्या झाल्या का."

"झाल्या म्हनावं," मी जाऊबाईंना सांगितलं, आणि राख घेऊन हात घासायला बसले.