काळ्या रंगाखालचा बेस

शाळेपासून त्याला सगळे घुम्याच म्हणत. चार माणसांत बसला तरी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, म्हणून. पुढे लिफ्ट दुरुस्त करायची नोकरी लागली आणि नाव आणखीच शोभून दिसायला लागलं. लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत बॅटरी तोंडात धरून काम करणाऱ्या माणसाशी बोलणार तरी कोण? आत अडकलेले लोक तेवढे बोलायचे, तेही शिव्या घालायला.

घरात मात्र त्याचा आवाज होता. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्याचे बेस गिटार आणि अँप्लिफायर होते. बेस म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण मध्येच थांबली तर गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखं होतं. कुणीतरी टाकून दिलेला बेस विकत आणायचा, त्याचा रंग उतरवायचा, लाकूड घासून गुळगुळीत करायचं, नवा रंग चढवून तारा लावायच्या आणि अँप्लिफायरला जोडून पहिला सूर काढायचा. त्या पहिल्या सुरासाठी तो महिनोन्महिने खपायचा. अँप्लिफायर जुन्या काळचा, काचेच्या दिव्यांचा. चालू केला की तापायला वेळ घ्यायचा, मग हळूच गुरगुरायचा. त्याच्या तोंडावरचं फाटलेलं कापड काढून घुम्याने घरातला जुना पडदा लावला होता.

"पडदा माझा, भांडी माझी, आणि आवाज तुमचा," बायको पलीकडून म्हणायची. "कपबशा नाचायला लागल्यात बघा फळीवर."

तिचं बोलणं रागाचं नसायचं. नवऱ्याला बोलतं करणारी एकच वस्तू जगात आहे, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

या छंदात त्याला एकच जोडीदार होता, रंगारी. बालमित्र. धंदा गाड्या रंगवायचा, पण घुम्याच्या प्रत्येक बेसला शेवटचा हात त्याचाच. लाकडापर्यंतचं काम घुम्याचं, रंगाचं रंगाऱ्याचं, असं न ठरवता ठरलेलं होतं. रविवारी सकाळी रंगारी यायचा, छोटा ड्रम मांडीशी घ्यायचा आणि दोघं जेवणवेळेपर्यंत वाजवत बसायचे. बायको त्याला भावजी म्हणायची आणि त्याच्या चहात न विचारता जास्त साखर घालायची.

छंदाच्या मुळाशी एक जुनं दुखणं होतं. ऐन तारुण्यात घुम्याने पहिला बेस घेतला होता. कुणीतरी त्याच्या अंगाला नको तिथे भोक पाडलेलं होतं. घुम्याने मोडक्या खुर्चीच्या पायाचा तुकडा कापून ते बुजवलं. हात नवखा, त्यामुळे घोटाळा झाला. बेसच्या लाकडाच्या रेषा उभ्या आणि तुकड्याच्या आडव्या. रंगारी हसून लोळला होता. "अरे, तिरळं बघतोय तुझं लाकूड!" पुढे कित्येक दिवस तो घुम्याला हाक मारण्याऐवजी नुसते डोळे तिरळे करून दाखवायचा.

त्याच बेसवर घुम्याचं वाजवणं एका फिरत्या बँडच्या कानावर पडलं. त्यांचा बेसवाला सोडून गेला होता. परवा गाडी निघते, बेस घेऊन ये, म्हणाले. घुम्या दोन दिवस जमिनीवर नव्हता. दोघं सराव रंगाऱ्याच्या गॅरेजमध्ये करायचे, त्यामुळे बेस तिथेच असायचा. निघायच्या सकाळी जाऊन बघतो तो गॅरेजचं कुलूप तुटलेलं आणि बेस गायब. उसना मागायला गावात दुसरा बेस नव्हता. बँडची गाडी त्याच्याविना निघून गेली. रंगारी डोकं धरून रडत होता. घुम्याच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी काय चूक यात?"

मग लिफ्टची नोकरी आली, लग्न झालं, केस पिकले. सुरुवातीची काही वर्षं घुम्या प्रत्येक जुन्या बेसमध्ये आपला बेस शोधायचा. पुढे शोधणं सुटलं आणि छंद उरला.

नोकरीतून मोकळा झाल्यावरच्या हिवाळ्यात जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने त्याला हाक मारून बोलावलं. "काका, तुमची वस्तू आलीय. बाहेरगावच्या एका घराची आवराआवर झाली, त्यात निघाली." काळाकुट्ट बेस होता. रंग जाड, जागोजागी टवके उडालेले, तारा पिळायचे कान गंजलेले. घुम्याने मांडीवर घेतला तर हाताला ओळखीचा वाटला. पण त्याला कुठलाही बेस हाताला ओळखीचाच वाटायचा.

घरी आणून त्याने मानेचे स्क्रू काढले. अशा बेसची मान आणि धड वेगळं करता येतं. धडाच्या खाचेत मान घट्ट बसते. आणि खाच बघून तो खूश झाला. आत रंगाचा थेंबही नव्हता. खाचेत रंग गेला की मान नीट बसत नाही आणि आवाज मरतो. हे गाड्या रंगवणाऱ्याला किंवा दारं रंगवणाऱ्याला ठाऊक नसतं. ते सरसकट फवारून मोकळे होतात. इथे मात्र कुणीतरी काळजीने टेप लावून खाच झाकली होती.

रविवारी त्याने रंगाऱ्याला दाखवलं. "हे बघ. रंगवणारा शहाणा होता कुणीतरी."

रंगाऱ्याने बेस हातातही घेतला नाही. "कुठून आणलास?"

"दुकानातून. बाहेरगावचा आहे म्हणे."

"हं." त्याने ड्रम ओढला, पुन्हा बाजूला ठेवला. "रंग काढत बसू नकोस. काळाच ठेव. वरून एक हात मारून देतो, आरशासारखा होईल."

"आणि आतलं लाकूड?"

"आतलं लाकूड काय खायचंय? वय बघ आपलं. त्या धुळीने खोकशील महिनाभर."

"आजवर कधी खोकलो का?"

"घुम्या, एकदा तरी माझं ऐक रे."

आतून बायको म्हणाली, "भावजी, ते माझंसुद्धा ऐकत नाहीत. तुम्ही रांगेत उभे राहा."

घुम्या हसला. रंगारी हसला नाही. त्या दिवशी चहाही अर्धाच ठेवून गेला. घुम्याला वाटलं, तब्येत बरी नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गॅलरीत कामाला सुरुवात केली. गरम हवेच्या यंत्राने रंग मऊ करायचा आणि पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. काळ्याखाली लांबी निघाली, गाडीच्या पोचे आलेल्या पत्र्याला भरतात ती. वाद्यावर लांबी कोण भरतं, असं मनात येतंय तोवर तिचा एक पापुद्रा निघून आला आणि खाली लाकूड दिसलं. रेषा उभ्या. आणि मधोमध एक तुकडा, रेषा आडव्या.

यंत्र हातात तसंच चालू राहिलं. लाकूड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्याने ते बंद केलं.

पहिल्यांदा आनंदच झाला. सापडला! रंगाऱ्याला बोलावून डोळे तिरळे करून दाखवावेत, असं मनात आलं. चप्पल घालायला तो उठलासुद्धा. आणि उठताना नजर खाचेवर गेली.

खाचेच्या कडेला जिथे काळा रंग संपत होता, तिथली रेघ सरळ नव्हती. बारीक दातेरी होती, आणि एका कोपऱ्यात बोटभर जागा दुमडल्यासारखी सुटलेली. टेप कात्रीने कापली तर कड सरळ येते. दातांनी तोडली तर अशी येते. आणि कोपरा दुमडून ठेवला, की टेप ओढून काढायला सोपी जाते. ही रेघ तो आयुष्यभर बघत आला होता. आतल्या खोलीत भिंतीला लावलेल्या प्रत्येक बेसच्या मानेखाली हीच रेघ होती. खाचेत रंग जाऊ द्यायचा नाही, हे त्या काळी गावात एका माणसाला माहीत होतं. त्याला ते शिकवलं होतं घुम्यानेच.

तो चप्पल घालून खाली बसला. बायको बाहेर आली, म्हणाली, "काय झालं? चक्कर आली का?" तो खाचेच्या कडेवरून नख फिरवत राहिला. तिला त्यात नवल वाटलं नाही.

पुढच्या रविवारी रंगारी आला तेव्हा बेसचं उघडं धड टेबलावर होतं. तो उंबऱ्यातच थांबला.

"ये," घुम्या म्हणाला. "बस."

"घुम्या..."

"चोर शहाणा होता. टेप दातांनी तोडायचा."

रंगारी स्टुलावर बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग एकदम बोलायला लागला, थांबेचना. "एका दिवसापुरता लपवणार होतो रे. आईशप्पत. गाडी सुटली की सापडला म्हणून आणून द्यायचा, एवढंच. तू गेला असतास तर परत आला असतास का? ड्रम मीही वाजवत होतो. मला कुणी विचारलं? तू दोन दिवस नुसता हवेत. एकदा तरी म्हणालास, तुझं काय? मग सकाळी तू आलास, आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवलास. तुझी काय चूक म्हणालास. आता त्याच्यानंतर कसं सांगायचं, तूच सांग. चार शिव्या घातल्या असत्यास तर लगेच काढून दिला असता."

"म्हणजे चूक माझीच."

"तसं नाही म्हणालो मी."

"मग काळा कधी केलास?"

"पुढच्या आठवड्यात. तो दिसला की झोप लागेना. मेव्हण्याला देऊन टाकला, बाहेरगावी. मेल्याने कधी वाजवलाही नाही."

घुम्याने मान हलवली. दरवेळी आपण दुसऱ्या कुणाचा तरी बेस घासत बसायचो आणि हा शेजारी बसून पॉलिश पेपर भिजवून द्यायचा. सापडला का रे तुझा, असंही विचारायचा, अगदी मनापासून. चोरीपेक्षा ते विचारणं त्याच्या घशाखाली उतरेना.

रंगारी गेल्यावर बायको खोलीत आली. तिने सगळं ऐकलं होतं. "वाईट केलं भावजींनी," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण अहो, तुम्ही त्या गाडीत बसला असता, तर मी कुठे असते?"

आपला संसार, हे घर, त्या नाचणाऱ्या कपबशा, सगळंच त्या तुटक्या कुलपातून आत आलं होतं. म्हणजे आता रंगाऱ्याचे आभार मानायचे? रागावायलासुद्धा त्याने जागा ठेवली नव्हती. घुम्याला ते सगळ्यात जास्त लागलं.

त्याने लाकूड पूर्ण घासलं. करपलेला डाग निघाला. आडवा तुकडा तर आता सुरेख दिसत होता. मग एका सकाळी धड पिशवीत घालून तो गॅरेजमध्ये गेला.

रंगाऱ्याचा चेहरा उजळला. "आणलास? बघ, असं पारदर्शक पॉलिश मारतो की रेष न् रेष दिसेल."

"काळा मार."

"अरे, एवढं देखणं लाकूड..."

"तेव्हाही देखणंच होतं." घुम्याने रंगाचा रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर बसला. "तेव्हा मी नव्हतो. आज बघतो."

रंगाऱ्याने धड तारेने टांगलं. टेप घेतली, दातांनी तोडली, खाचेत बसवली आणि सवयीने कोपरा दुमडला. आपण काय केलं हे लक्षात आल्यावर त्याने खाली मान घातली. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. कडेकडेने काळा चढत गेला. आडव्या तुकड्याशी आल्यावर हात थबकला.

"थांबू का?"

"तेव्हा थांबला होतास?"

तुकडा दिसेनासा झाला. कॉम्प्रेसर बंद केल्यावर गॅरेज एकदम रिकामं वाटायला लागलं. रंगारी चिंधीने हात पुसत म्हणाला, "उद्या दुसरा हात मारतो. वाळला की आणून देतो घरी."

"नको. तुझ्याकडेच राहू दे."

"आणि मान?"

"ती माझ्याकडे."

"मग वाजणार कसा रे?"

"नाही वाजणार," घुम्या म्हणाला, आणि रिकामी पिशवी घडी करून काखेत मारून निघाला.

घरी बायकोने त्याच्या बाहीवर उडालेले बारीक काळे ठिपके बघितले. काही विचारणार होती, पण त्याने आतून हातोडी आणि खिळा आणलेला दिसला तशी बाजूला सरकली. खोलीतल्या भिंतीवर सगळ्या बेसच्या रांगेत त्याने ती एकटी मान टांगली.

"रविवारी भावजी..." तिने सुरुवात केली.

"चहा आपल्या दोघांपुरताच कर," तो म्हणाला. "आणि साखर बेताने घाल."