भातेकाकांची हवा

आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या बाई, पण तो वाजायचा भातेकाकांमुळे. असं भातेकाकांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. ऑर्गनमागे लाकडी पडदी होती, पडदीमागे चामड्याचा मोठा भाता आणि भात्याला मनगटाएवढा जाड दांडा. दांडा दाबला की भात्यात हवा भरायची आणि नळ्यांतून सूर होऊन बाहेर पडायची. दाबणं थांबलं की सूर रडत रडत मरायचा. काका आठवडाभर आपल्या दुकानात पंक्चरं काढून चाकांत हवा भरायचे आणि रविवारी उपासनेला येऊन ऑर्गनमध्ये भरायचे. सगळा जन्म हवेत गेल्यावर थोडी डोक्यात जाणारच.

काम मात्र चोख. मी कारखान्यात फिटर होतो, मला हाताची किंमत कळते. दांडा हिसका न देता खाली न्यायचा आणि तितक्याच संथपणे वर सोडायचा, हे दिसतं तितकं सोपं नाही. हिसका बसला की सूर हिंदकळतो. काकांचा सूर कधी हिंदकळला नाही.

बिघाड कामात नव्हता, समजुतीत होता. मंडळीची प्रार्थना वर पोहोचते ती आपल्या दांड्याच्या जोरावर, असं काकांनी मनाशी पक्कं धरलं होतं. कुणी आजारातून उठलं की म्हणायचे, "त्या रविवारी मी जरा जास्तच दाबलं होतं." एखाद्या नवराबायकोचं बिनसलं, तर त्यांच्या घरी जाऊन सांगायचे, "लग्नात माझ्याकडून हवा कमी पडली नव्हती." गीताचं सहावं कडवं त्यांना आवडत नसे. पाचवं संपलं की दांडा सोडून द्यायचे. बाईंची बोटं पट्ट्यांवर फिरत राहायची, आवाज काही नाही, आणि उपासना चालवणारे पाळक घाईघाईने म्हणायचे, "आपण प्रार्थना करू या." देव सार्वभौम आहे, असं पाळक पुढून सांगायचे. सहावं कडवं होणार की नाही, हे पडदीमागून ठरायचं.

उपदेश काकांनी कधी ऐकलाच नाही. उपदेश म्हणजे त्यांची दम खायची वेळ. पडदीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपायचे. कृपा, क्षमा, तारण, सगळं त्यांच्या घोरण्यावरून निघून जायचं.

मग चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी भात्याला विजेची मोटार बसवायचं ठरवलं. थोरले पंच म्हणाले, "प्रभूनेच तशी प्रेरणा दिली." प्रभूने मोटारीचा आकार सांगितला, रंगही सांगितला. बोल्ट कुठले बसतील तेवढं सांगायचं राहिलं, ते मला शोधावे लागले. काकांना हे कोण सांगणार, याबद्दल मात्र कुणालाच प्रेरणा झाली नाही. मी पाना घेऊन पडदीमागे बसलो असताना ते आले, तेव्हा त्यांना कळलं.

"काय करतोयस रे?"

"मोटार बसवतोय, काका."

"कशाला?"

"हवेला."

"मग मी?"

मी बोल्ट आवळत राहिलो. त्यांनी मोटारीवर बोटाने टकटक केलं.

"हिला गाणं काय कळणार? कुठे थांबायचं ते समजेल का हिला?"

"नाही समजणार. म्हणूनच आणलीय."

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिथे आता माझं काय काम?" हे रागाने नाही, खरोखर कोडं पडल्यासारखं. काम नसलेल्या माणसाने कुठे जाऊन बसावं, म्हणजे जागा अडवावी, हे त्यांना पटतच नव्हतं. देवाघरी आपल्याला जागा आहे ती दांड्यामुळे. दांडा गेला, जागा गेली.

शेवटी काकू कडाडल्या. मी सायकल घेऊन दुकानात गेलो होतो, माझ्यासमोरच.

"काम नाही म्हणून यायचं नाही? मी इतकी वर्षं त्या बाकावर बसतेय, काय काम करते मी? ना वाजवते, ना दाबते. मला हाकललं का देवानं?"

"तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"तू म्हणजे... तू येतेसच."

"मग तुम्हीही या. नुसते बसा. जमतंय का बघू."

काका आले, ते मोटार बंद पडेल या आशेवर. काकूंच्या शेजारी बसले, पण कान पडदीकडे. गीत सुरू झालं की त्यांचा उजवा हात मांडीवरून उठायचा आणि खाली जायचा. काकूंनी तो धरून ठेवला. मोटार बिनतक्रार चालली. सहावं कडवं आलं तेव्हा मंडळीच अडखळली, कारण ते कुणालाच पाठ नव्हतं.

त्या दिवशी काकांनी उपदेश जागेपणी ऐकला. पाळक सांगत होते, देव राजा आहे, तो आपल्या मर्जीने कृपा करतो, ती कमावता येत नाही, ती फुकट आहे. काका काकूंच्या कानाशी वाकले. कुजबुजणं त्यांना कधी जमलं नाही.

"फुकट? मग मी दाबलं ते सगळं फुकट गेलं?"

निम्म्या मंडळीने ऐकलं. पाळकांनीही. ते थांबले, घसा साफ केला आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. अवघड प्रश्नाला पुढचा मुद्दा, ही त्यांची जुनी हातोटी. उत्तर काकूंनी दिलं.

"फुकट कसं जाईल? गाणी चांगली झाली की. पण त्यासाठी देवानं तुम्हाला ठेवून घेतलं नव्हतं."

"म्हणजे, दाबलं नसतं तरी?"

"तरी."

सुवार्ता ऐकून इतका हिरमुसलेला माणूस मी पाहिला नाही.

शेवटचं गीत अर्ध्यावर आलं आणि वीज गेली. पंखे थांबले, मोटार थांबली, सूर रडत रडत मेला. काका ताडकन उठले. तोंडावर काय तेज! थोरले पंच हातवारे करून त्यांना पडदीकडे बोलावत होते. दांडा अजून जागेवरच होता. काका बाकांमधल्या वाटेवर आले आणि थबकले.

गाणं थांबलंच नव्हतं. मंडळी गातच होती, थोडी वेडीवाकडी, पण ऑर्गनखाली दबायची त्यापेक्षा मोठ्याने. काकांनी पडदीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग बाकाकडे. थोरल्या पंचांचे हात अजून हलत होते.

"चाललंय की," काका त्यांना म्हणाले, आणि परत येऊन काकूंच्या शेजारी बसले.

बसून काय करायचं ते कळेना, म्हणून गाऊ लागले. काकांना गाताना आजवर कुणी ऐकलं नव्हतं. देवाने त्यांना इतकी वर्षं पडदीमागे का ठेवलं होतं, ते सगळ्यांना एकदम कळलं. पुढच्या बाकावरच्या एका बाईंनी मान वळवून रोखून पाहिलं.

"आमचे आहेत," काकू म्हणाल्या. "असू द्या."