खिंडीच्या अलीकडे

दिवाळी सरून थंडी पडायला लागली की मंदाकिनीबाईंना हटकून यज्ञेश्वर आठवतात. नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माणूस असा की विसरू म्हणता विसरता यायचा नाही. यज्ञेश्वर मेहेंदळे म्हणजे काळजीचं आगर. बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहत होते तेव्हा स्टोव्ह विझल्याची खात्री जिन्यातून परत येऊन करायचे, आणि आभाळ निरभ्र असलं तरी छत्री घेऊन कचेरीला जायचे. अशा माणसाला डोंगराचं वेड कसं लागलं, देव जाणे. दर रविवारी मित्रांना घेऊन ते सिंहगड चढायचे, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत सगळी टोळी हिमालयात निघाली. लहानग्या लेकीला, सुनीतीला, आजोळी ठेवून मंदाकिनीबाईही निघाल्या. लग्नाआधी त्या शाळेत भूगोल शिकवायच्या. नकाशावर बोट ठेवून मुलींना दाखवलेला बर्फाचा मुलूख एकदा कुलूच्या वरच्या खिंडीतून डोळे भरून पाहायचा, एवढीच त्यांची हौस होती.

हिमालयात मे महिन्यात जावं, हे कुणीही सांगेल. पण पुणेकर कारकुनाला मोठी रजा दिवाळीलाच मिळायची, आणि सिंहगड चढला की जगात दुसरं काही अवघड नाही, अशी त्याची ठाम समजूत. कार्तिकात तिथली वाट रात्रभर गोठते. यज्ञेश्वरांनी उन्हं चांगली वर आल्याशिवाय कुणाला तंबूबाहेर सोडलं नाही. पाय घसरू नये म्हणून प्रत्येकाला बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवायला लावले.

"मेहेंदळे, डोंगरावर चाललोय की बाळंतिणीच्या खोलीत?" असं म्हणून कचेरीतल्या श्रीनिवासनं आपले मोजे खिशात कोंबले.

खिंडीच्या अलीकडचं शेवटचं वळण आलं. तिथला काळा कातळ नुसता ओला दिसत होता. ओल्या कातळावर पाय रोवून सह्याद्रीतले कितीतरी पावसाळे काढलेले, म्हणून श्रीनिवासनं बेधडक पाऊल टाकलं. ते पाणी नव्हतं, पातळ बर्फ होता. तो घसरत गेला आणि दरीच्या तोंडाशी एका धोंड्याला अडकला. जिवावरचं मुरगळलेल्या मनगटावर निभावलं.

त्याला वर ओढून घेतल्यावर यज्ञेश्वर म्हणाले, "परत फिरायचं."

"अहो, वळणापलीकडेच तर आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी बसत बसत जाईन."

"नाही."

"माझं पुन्हा इथे येणं होणार आहे का?"

त्यांनी बायकोचा हात धरला आणि ते उतरायला लागले.

येणं झालं नाहीच. पुढे बाईंचे गुडघे गेले. यज्ञेश्वर मात्र निवृत्त झाल्यावर दर उन्हाळ्यात नवशिक्यांची तुकडी घेऊन त्याच खिंडीला जायला लागले. बाईंना ते फार लागायचं. वारज्याच्या नव्या घरात पाहुण्यांना चहा देताना त्या सहज म्हणावं तसं म्हणायच्या, "खिंड ह्यांनी पाहिली, आम्ही मोजे पाहिले." यज्ञेश्वर खाली मान घालून बशीत चहा ओतत राहायचे.

एका वर्षी सुनीती वडिलांबरोबर गेली. परत आली आणि स्वयंपाकघरात आईशेजारी उभी राहून हळूच म्हणाली, "आई, बाबा खिंडीत येतच नाहीत गं."

"म्हणजे?"

"शेवटच्या वळणाशी बसून राहतात. बाकीच्यांना एकेक करून पुढे सोडतात. मी म्हटलं, चला ना, कातळ कोरडा ठणठणीत आहे. तर म्हणाले, तू बघून ये. दर वर्षी असंच करतात म्हणे. बरोबरच्यांना वाटतं, बघून बघून कंटाळले असतील."

बाईंनी गॅस बंद केला. गॅलरीत यज्ञेश्वर बुटांना चिकटलेला चिखल खरवडत बसले होते. इतक्या वर्षांचे आपले टोमणे आठवत बाई त्यांच्यापाशी गेल्या.

"अहो, एकदा तरी बघायचंत."

"एकट्यानं काय बघायचं?" ते म्हणाले, आणि खरवडत राहिले.

गुडघे कुरकुरत होते, तरी बाई त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. दुसरा बूट त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला.