लॅकरखालचा अंगठा

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं चाकं चमकवली. क्रोमचं चाक असो की पॉलिश केलेलं अॅल्युमिनियमचं, त्यांच्या हाताखालून गेलं की त्यात आपलं तोंड दिसायचं, आणि ते बघायची आपली तयारी नसेल तर मान वळवावी लागायची. पण चमक आणणं हे अर्धंच काम. पाणी, चिखल लागला की ती चार दिवसांत मरते. म्हणून तिच्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर फवारायचा आणि चाक भट्टीत भाजायचं. थर असा बसला पाहिजे की तो आहे हे कुणाला कळूच नये.

त्यात एकच पथ्य. लॅकर मारण्याआधी धुतलेल्या चाकाला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल थराखाली अडकतं, तेव्हा दिसत नाही, आणि पाच-सहा महिन्यांनी काळसर ठसा होऊन वर येतं. वरून कितीही घासा, जात नाही.

म्हणून रोज सकाळी बाबा एकेका कामगाराचा हातमोजा घ्यायचे, फुंकून फुगवायचे, त्याचं तोंड आवळून गालाजवळ धरायचे. कुठून हवा येते का ते गालाला कळायचं. पाठीमागे सगळे त्यांना 'हातमोजे' म्हणत. सुनेनं खोटं कशाला बोलावं, मीही म्हणायचे. त्यांचा नियमही ठरलेला: ठसा ज्याचा, तो घरी. दोघांना त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं. मी कारखान्यात गिऱ्हाइकं आणि फोन सांभाळते. हा नियम जुलमी आहे असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यावर उत्तर एकच, "चाकाला दयामाया कळत नाही, सूनबाई."

एका दुपारी गणिताचे मास्तर त्यांच्या मोटारसायकलचं पुढचं चाक काखोटीला मारून आले. सहा महिन्यांपूर्वीच आम्ही ते करून दिलं होतं. हवा भरायच्या नळीशेजारी, लॅकरच्या आत, अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला होता.

"घासून घासून माझा खांदा गेला," मास्तर म्हणाले.

बाबांचा पारा चढला. चाक नीट बघण्याआधीच त्यांनी हाक मारली, "लांब्या!"

लांब्या आमच्याकडे बारा वर्षं आहे. घरी बायको, दोन मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई. त्या आठवड्यात लॅकरच्या खोलीत तो आणि बाबा दोघंच होते. बाबांचा ठसा असणं शक्यच नव्हतं, म्हणजे उरला लांब्या. बाबांचं गणित मास्तरांपेक्षा पक्कं.

लांब्या वाकला, ठसा बघितला आणि बघतच राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "चुकलो, काका." आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागला.

मला ते खटकलं. हा माणूस स्क्रू सांडला तरी अर्धा तास वाद घालणारा. मी काउंटरवरचं भिंग घेऊन चाकावर धरलं. ठशाच्या मधोमध एक तिरकी रेघ होती. तशी रेघ मी रोज बघते, जेवताना ताटाच्या कडेवर. वीस वर्षांपूर्वी बाबांचा अंगठा पॉलिशच्या यंत्रात फाटला होता, त्याची ती खूण.

लांब्या माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होता. सांगू नका, असं. मूग गिळून बसणं मला जन्मात जमलेलं नाही. पण तेव्हा मला खरंच भीती वाटली. लांब्याचं घर एकीकडे, आणि म्हाताऱ्याचा सगळा जन्म दुसरीकडे.

"बाबा," मी भिंग पुढे केलं, "आधी नीट बघा. मग काढा त्याला."

त्यांनी बघितलं. मग उजवा हात वर करून अंगठा बघितला. पुन्हा चाक.

"लांब्या, गाठ बांध," बाबा म्हणाले. त्यांनी स्वतःचा ॲप्रन काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला. "ठसा ज्याचा, तो घरी." आणि चालत घरी गेले.

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपासून बोटं बधिर झाली होती, यंत्राच्या थरथरीनं. मोजा फाटला तरी त्यांना कळत नव्हतं. आता मला सगळं आठवायला लागलं: शर्टाची बटणं लावायला लागणारा वेळ, चटका बसेल असा कप आरामात धरणं. मी त्याला म्हातारपण समजले होते. सगळ्यांचे मोजे बाबा बघत, बाबांचे बघणारं कुणी नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

तीन दिवस ते खिडकीशी बसून होते. रेडिओही लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी लांब्या घरी आला, चपला न काढता दारातच उभा राहिला.

"काका, मास्तरांच्या चाकाचा जुना थर काढला, पॉलिश केलं, धुतलं. त्यावर पाणी ओतलं तर एका जागी थेंब धरतंय की सगळीकडे सारखं पसरतंय, मला कळत नाही. थेंब धरला तर तेल राहिलंय. या."

"बोटं मेलीत माझी."

"डोळे आहेत ना?"

"नियम आहे, लांब्या."

"नियम तुमचा. मोजे मी तपासणार. पटत असेल तर या."

बाबा खिडकीपासून उठले. मग मला म्हणाले, "सूनबाई, माझ्या चपला कुठायत?"

कारखान्यात ते सगळ्यांबरोबर रांगेत उभे राहिले. लांब्यानं त्यांचा मोजा फुगवला, गालाजवळ धरला, नाक मुरडलं आणि टोपलीत टाकला. दुसरा घेतला, तोही तपासला. बाबांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांना बोटं नीट आत घालता येईनात, तेव्हा लांब्यानं एकेक बोट धरून मोजा चढवला. मी फोन वाजल्याचं नाटक करून पाठ वळवली, कारण मला रडू फुटलं होतं.

"नीट बघितलास ना रे?" मागून बाबांचा आवाज आला.

"बघितला, काका. चला, पाणी ओततो."