पिशवीच्या तळाचं पान

एलिनामीचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नाही. किलिमांजारोवर पाहुणे चढवून नेणारा वाटाड्या तो, मी त्याचा स्वयंपाकी. निघायच्या आदल्या दिवशी मारांगू गावातल्या घरी अंगणात बसून औषधांची पिशवी तो एकटाच भरतो. कुणी स्पिरिट पिऊन पाणी तर भरलं नाही ना, म्हणून बाटली हुंगतो. गोळी चाटून बघतो. पट्ट्या, कात्री, फोडांचं मलम कोंबलं की पिशवी उशाला. बायकोनंही हात लावायचा नाही. माणूस आहे की जकातनाका!

त्या खेपेला वरच्या तळावर त्यानं पिशवी उघडली नि ओरडलाच, "डोकेदुखीच्या गोळ्या कुठायत?" तडक माझ्याकडं आला. माझं पिठाचं पोतं उपसलं, केळी चाचपली.

"लाज वाटते का रे? माझ्या हातचं खातोस ना?" मी पेटलोच.

"खातो. म्हणून तर आधी तुला बघतो."

मग पिशवीच्या तळाशी त्याला इसालेचं पान सापडलं. आम्हा चागा लोकांमध्ये हे पान पुढं केलं की समोरच्यानं माफ करायचंच, बापाचा खून केलेला असला तरी. म्हणजे चोर आमच्यातलाच. हमाल खिदळले, "संपलं! आता गुमान माफ कर."

एलिनामी एकेकाचं तोंड न्याहाळत राहिला. "गोळ्या विकणारा पान ठेवेल होय? कुणाला तरी ही उंचावरची विरळ हवा बाधलीय. डोकं फुटतंय नि तो अंगावर काढतोय. मरेल अशानं." लपवणारच ना! आजारी हमालाला खाली धाडतात, पुन्हा बोलावत नाहीत.

ही हवा मेंदूला बाधली की तोल जातो, म्हणून त्यानं सगळ्यांना पावलाला पाऊल लावून सरळ चालायला लावलं. अनाएली लगेच कलंडला. अनाएली हमालांतलाच, एलिनामीचा थोरला भाऊ. त्यानंच एलिनामीला हा डोंगर शिकवला. पिशवीशेजारी झोपायची मुभा फक्त त्यालाच.

"पान दिलंय ना? मग गप बस," अनाएली गुरगुरला.

"चोरी माफ, दादा. पण खाली उतरायचं."

"पुन्हा तुझं तोंड बघणार नाही!"

"नको बघूस. जिवंत राहा नि बघू नकोस."

चारचौघांत थोरल्या भावाचा असा पाणउतारा! माझं डोकंच फिरलं. अनाएलीला घेऊन मीच उतरलो. वाटभर आम्ही दोघं एलिनामीला शिव्या घालत होतो.  मग उतारावर थांबून अनाएलीनं हळूच विचारलं, "माझ्या बायकोचं नाव काय रे?"

मी नाव सांगितलं, त्याला पाठीवर घेतलं नि पळत सुटलो.