प्लासिदानं आईला सांगितलं नाही

समुद्रकाठच्या तुमाको गावाजवळच्या खारफुटीत प्लासिदा आणि मी एकाच होडीतून जायचो. आमच्या वस्तीतल्या बायकांचं काम एकच, चिखलात कोपरापर्यंत हात घालून काळे शिंपले काढायचे.

चाळिशीत तिला लघवीचा त्रास सुरू झाला. घडीघडी होडी थांबवून आडोशाला बसायची, पण होत नसे. होडीत चढली की मात्र झगा ओला.

"प्लासिदा, आज भरती तुझ्यामुळंच लवकर आली गं!" बायका खिदळायच्या. मीही खिदळले. तिनं पाणी पिणंच सोडलं.

दोन वर्षांत पाय लाकडासारखे ताठरले. एकदा ती चिखलात रुतली, तिघींनी ओढून काढली. मग मी तिला काली शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

"पाठीच्या कण्यात विषाणू शिरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोचत नाही. बहुधा लहानपणी आईच्या दुधातून आला असावा."

नर्सनं तिला नळी घालून लघवी काढायला शिकवलं, दिवसातून चारदा.

घरी तिची म्हातारी आई, एर्मेलिंडा, वाटच पाहत होती. "काय म्हणाले?"

"गार चिखल बाधलाय, आई."

"मग उतरेल! तीन वर्षं अंगावर पाजलंय तुला. वस्तीत कुणी एवढं पाजलं असेल तर दाखव!"

"हो, आई," म्हणत प्लासिदानं भिंतीकडं तोंड वळवलं.

मला म्हणाली, "अभिमान वाटावा असं तेवढंच आहे गं तिच्यापाशी."

पण प्लासिदाची लेक यिर्लेसा सात महिन्यांची गरोदर होती. तिला मात्र सगळं सांगितलं. तपासणीत तिच्याही रक्तात विषाणू निघाला. बाळ बाटलीवर वाढू लागलं.

"कसली आई गं तू!" एर्मेलिंडा नातीवर खेकसली. "छाती भरून वाहतेय आणि पोर बाटलीला?"

यिर्लेसा रडत रडत बाळाला बाटली पाजत राहिली.

"तिला बोलू नकोस, आई," प्लासिदा म्हणाली. "मीच सांगितलंय तसं."

"तू? माझ्या दुधावर वाढलेली तू?"

त्या दिवसापासून म्हातारी लेकीशी बोलली नाही. अकरा महिन्यांनी गेली, न बोलताच. प्लासिदा रोज तिला भरवत होती.

बाळ दीड वर्षाचं झाल्यावर त्याच्या रक्ताचा कागद आला. विषाणू नव्हता. तोवर प्लासिदाची मूत्रपिंडं सडली होती, अंगात ताप होता.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

मी पुन्हा वाचला. चार दिवसांनी ती गेली.