विमानाला डबल बेल

राष्ट्रपतींचं जुनं विमान आता संग्रहालयात उभं आहे. आम्ही जळगावकर ते बघायला सहलीनं गेलो, तेव्हा रांगेत माझ्या शेजारी एक आबा होते. अमळनेरचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दहा मिनिटांत त्यांनी सगळे डेपो सांगितले, नाव तेवढं राहिलं.

आत लोक राष्ट्रपतींच्या खुर्चीचे फोटो काढत होते. आबा मात्र पाय फाकवून, तोल सावरत मधल्या वाटेनं चालले. विमान काही हलत नव्हतं, पण सवय! शेवटच्या सीटपाशी थांबून म्हणाले, "इतली मोठी गाडी, आनि पॅसिंजर एकच?"

मी आधी खाली उतरलो. मागून आबांनी उतरता उतरता दाराशेजारच्या पत्र्यावर तळहातानं दोन थापा मारल्या. धुळ्याच्या स्टँडवर गाडी सोडताना मारतात, तश्शा.

"बाबा, हात लावू नका!" रखवालदार ओरडला.

"भाऊ, कवयनं, कितला वरीसपासून उभं शे बिचारं," आबा म्हणाले. "कोनी तरी त्याले 'चाल' म्हनाले जोयजे ना!"

रखवालदाराला हसू फुटलं. मी मात्र थापा ऐकताच दोन पावलं मागं सरकलो होतो, सुटणाऱ्या गाडीपासून सरकतो तसा.